वहीची साक्ष

दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळीं जालन्याच्या मोंढ्यांत अडत्यांच्या पेढ्यांवर नव्या वह्यांची पूजा होते. पहिल्या पानावर श्रीकार काढतात, हळदकुंकू वाहतात आणि पाडव्याच्या मुहूर्तावर पहिली रक्कम जमेस धरतात. ही चाल चांगलीच आहे. परंतु पूजा झालेल्या त्या वहींत पुढें वर्षभर काय लिहिलें जातें, कोण लिहितो आणि केव्हां लिहितो, हा विचार लहान दुकानदाराच्या मनांत क्वचितच येतो. तो प्रश्न त्याला प्रथम विचारला जातो तो बहुधा न्यायालयांत किंवा कराच्या कचेरींत. आणि त्या वेळीं उत्तर सुधारून घेण्याची सोय उरलेली नसते.

हिशेब नीट ठेवावा हा उपदेश व्यापाऱ्याचा मुलगा लहानपणापासून ऐकत असतो. नफा किती, तोटा किती, माल किती उरला, हें कळावें म्हणून हिशेब, एवढाच त्याचा अर्थ तो घेतो. तो अर्थ खोटा नाहीं. पण अपुरा आहे. वही ही धन्याची स्मरणशक्ति आहे, तशीच ती त्याची साक्षीदारही आहे. इतर साक्षीदारांप्रमाणें तिचाही खरेखोटेपणा पारखला जातो, आणि तिनें सांगितलेलें सर्वच मानलें जातें असें नाहीं. कोणत्या वहीचें म्हणणें न्यायाधीश मानतात व कोणत्या वहीचें मानीत नाहींत, हें समजून घेणें लाखांची उलाढाल करणाऱ्यास जितकें अगत्याचें, तितकेंच शे-दोनशेंची उधारी देणाऱ्या किराणा दुकानदारासही आहे. किंबहुना दुसऱ्यास अधिक. कारण त्याच्या पाठीशीं नेहमींचा वकील नसतो.

जालना हें जिल्ह्याचें ठिकाण १ मे १९८१ रोजीं झालें. पेठ म्हणून मात्र तें फार जुनें आहे. ‘जालना सोनेका पालना’ ही म्हण त्या पेठेच्या भरभराटीवरूनच पडली. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता व तेथें हाली शिक्का हें त्या राज्याचें स्वतःचें नाणें चालत असे. मुंबई इलाख्याशीं देवघेव करावयाची तर इंग्रजी अमलाचा रुपया, ज्यास लोक कलदार म्हणत, तो लागे. साधारणतः ७ हाली रुपयांस ६ कलदार असा हिशेब असे. तेव्हां नुसतें ‘रुपये ७००’ लिहून ठेवणें म्हणजे १०० कलदारांचें भांडण लिहून ठेवणें होय. म्हणून जाणता मुनीम रकमेपुढें ‘हाली’ किंवा ‘कलदार’ हा शब्द घातल्याशिवाय लेखणी खालीं ठेवीत नसे. एका शब्दाच्या आळसानें केवढा घोटाळा होतो, हें त्या पिढीस शिकवावें लागलें नाहीं.

जुन्या पेढीवर मुख्य वह्या दोन: रोजकीर्द आणि खतावणी. रोजकीर्दींत त्या त्या दिवशींचा जमाखर्च ज्या क्रमानें घडला त्या क्रमानें लिहावयाचा. खतावणींत त्याच रकमा माणसांच्या खात्यांवर नेऊन मांडावयाच्या, आणि प्रत्येक रकमेपाशीं कीर्दीचें पान लिहावयाचें. सायंकाळीं जमेंतून खर्च वजा करून जी बाकी राही, ती गल्ल्यांतील रोख रकमेशीं जुळवीत आणि दुसऱ्या दिवशींच्या कीर्दीच्या आरंभीं मागील बाकी म्हणून धरीत. ही पद्धत आजच्या संगणकाच्या हिशेबांतही, नांवें बदलून, तशीच आहे. तिचें बळ कशांत आहे तें थोडें पाहण्यासारखें आहे.

समजा, एखाद्यानें चैत्रांतील एका दिवशीं अमक्यास १,००० रुपये उसने दिले अशी खोटी नोंद श्रावणांत बसून घुसडली. त्या दिवसाची बाकी १,००० नें कमी झाली पाहिजे. मग दुसऱ्या दिवसाची, तिसऱ्या दिवसाची, अशी श्रावणापर्यंतची प्रत्येक बाकी बदलली पाहिजे. शिवाय खतावणींत, तेरजेंत आणि वर्षअखेरच्या ताळेबंदांत तोच फरक उमटला पाहिजे. एक खोटें जिरवावयास शंभर ठिकाणीं हात घालावा लागतो, आणि शंभरांपैकीं एखादें ठिकाण राहून जातेंच. याच्या उलट, ज्या दुकानदारापाशीं फक्त उधारीची एक सुटी वही आहे, तिच्यांत कोणत्याही पानावर कोणतीही रक्कम केव्हांही लिहितां येते. तिला जाब विचारणारी दुसरी वहीच नाहीं. दुकानदार प्रामाणिक असला तरी त्याची वही प्रामाणिक आहे हें दाखविण्यास त्याच्या हातीं कांहीं राहत नाहीं. रोजची बाकी काढण्यास दहा मिनिटें लागतात. त्या दहा मिनिटांवरच वहीची पत उभी असते.

कायद्यानें हीच गोष्ट थोड्या शब्दांत सांगितली आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ३४ व्या कलमांत ती होती. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागीं २०२३ चा भारतीय साक्ष्य अधिनियम आला, आणि त्याच्या २८ व्या कलमांत तोच नियम, संगणकावरील हिशेबांचा स्पष्ट उल्लेख करून, पुनः घातला आहे. नियमाचा आशय असा: धंद्याच्या ओघांत नियमितपणें ठेवलेल्या हिशेबाच्या वह्यांतील नोंदी न्यायालयास विचारांत घेतां येतात, परंतु केवळ तेवढ्यावरून कोणावर देणें लादतां येत नाहीं. कायद्यानें स्वतःच उदाहरण दिलें आहे. ‘अ’ हा ‘ब’ वर १,००० रुपयांचा दावा लावतो आणि आपल्या वहींत ‘ब’ कडे तेवढें येणें दाखवितो. नोंद पुराव्यांत घेतली जाईल. पण दुसरा पुरावा नसेल तर तिच्यानें कर्ज शाबीत होणार नाहीं.

या नियमाचीं दोन टोकें आहेत, आणि दुकानदार बहुधा दोन्हीं विसरतो. एक टोक ‘नियमितपणें’ या शब्दाचें. १९९८ सालीं हवाला प्रकरण म्हणून गाजलेल्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, वही म्हणजे एकत्र बांधलेलीं पानें. सुटे कागद ही वही नव्हे. तेव्हां बिलांच्या पाठीवर, दिनदर्शिकेच्या चौकटींत किंवा सिगारेटच्या पाकिटावर टिपलेला हिशेब कितीही खरा असला तरी तो या कलमाच्या आश्रयास येत नाहीं. दुसरें टोक ‘केवळ तेवढ्यावरून’ या शब्दांचें. त्याच खटल्यांत, ज्या वह्या वह्या म्हणून मानल्या गेल्या त्यांतील नोंदींनाही स्वतंत्र पुराव्याची जोड नव्हती म्हणून त्या इतरांविरुद्ध उपयोगी पडल्या नाहींत. म्हणजे उत्तम वही ही अर्धी साक्ष. उरलेली अर्धी पावती, बीजक, सही किंवा माणूस यांनीं पुरवावयाची.

व्यापाऱ्याच्या वहीवर कायद्यानें एवढा अविश्वास कां दाखवावा, असें एखाद्या सरळ माणसास वाटेल. त्याचें कारण या मुलखाच्या शेजारींच सांपडतें. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांवर उठाव केला आणि तो लवकरच पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील गांवोगांवीं पसरला. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, त्या लोकांचा मुख्य रोख माणसें मारण्यावर नव्हता. त्यांना दस्तऐवज आणि हिशेबाचीं कागदपत्रें हवीं होतीं, आणि तीं हातीं येतांच त्यांनीं तीं जाळलीं. लिहितां न येणाऱ्यानें घेतलें किती आणि फेडलें किती, हें फक्त देणाऱ्याच्या वहींत राहत असे. सरकारनें चौकशी केली आणि १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. त्यानें शेतकरी ऋणकोस पावती मागण्याचा, दरवर्षीं खात्याचा उतारा मागण्याचा आणि स्वतःजवळ पासबुक ठेवण्याचा हक्क दिला. निजामाच्या राज्यांतील जालन्यास तो कायदा लागू नव्हता. पण त्यांतील तत्त्व सर्वत्र खरें आहे. ज्या नोंदीवर दोन पक्षांचा हात लागला आहे, तीच नोंद दोघांनाही बांधते.

आतां आजच्या जालन्याकडे यावें. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं येथें महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजेच महिको, काढली, आणि पुढें हें गांव बियाण्यांचें गांव म्हणून प्रसिद्धीस आलें. जिल्ह्यांतील कोणत्याही बाजाराच्या गांवीं बियाणें आणि खतें विकणारीं दुकानें दिसतात, आणि त्यांतील मोठा व्यवहार उधारीवर चालतो: माल मृगाच्या सुमारास, पैसे कापूस किंवा सोयाबीन विकल्यावर. एखादें साल पावसानें दगा दिला कीं बाकी पुढच्या सालावर जाते. दुकानदार शेतकऱ्यास ओळखतो, शेतकरी दुकानदारास ओळखतो, सही मागणें दोघांनाही संकोचाचें वाटतें. विश्वास पानिपतावर गेला असें म्हणणारा मराठी माणूस व्यवहारांत मात्र विश्वासावरच फार चालतो.

उदाहरणादाखल असें धरावें कीं, १५ जून २०२२ रोजीं एका शेतकऱ्यानें १८,४०० रुपयांचें बियाणें व खत उधार नेलें; फेडीची तारीख ठरली नाहीं. जानेवारी २०२४ मध्यें त्यानें ४,००० रुपये आणून दिले व दुकानदारानें ते आपल्या वहींत जमा केले. पुढें कांहींच आलें नाहीं. दुकानदारानें ऑगस्ट २०२५ मध्यें दावा लावला. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें अशा मालाच्या किंमतीचा दावा माल दिल्यापासून तीन वर्षांच्या आंत लावला पाहिजे. ती मुदत जून २०२५ मध्यें संपली. मधल्या ४,००० रुपयांनीं ती वाढली असती, कारण मुदतीच्या आंत अंशतः फेड झाली तर फेडीच्या दिवसापासून नवीन तीन वर्षें मोजतात. पण त्यासाठीं ती फेड देणाऱ्याच्या हस्ताक्षरांत किंवा त्याच्या सहीच्या लेखांत दिसली पाहिजे. दुकानदारानें स्वतःच्या हातानें केलेली जमेची नोंद येथें पुरत नाहीं. वहींत त्या रकमेपुढें शेतकऱ्यानें तारखेसह एक सही केली असती, तर दावा जानेवारी २०२७ पर्यंत जिवंत राहिला असता. १४,४०० रुपये एका सहीअभावीं गेले. देणें नैतिक दृष्टीनें बुडत नाहीं, आणि मुदतबाह्य देणेंही फेडीन असें ऋणकोनें लिहून व सही करून दिलें तर तो करार कायदा मानतो. परंतु ज्याच्याशीं कोर्टांत गांठ पडली आहे, तो असें लिहून कां देईल?

पावतीची गरज केवळ दुकानदारालाच आहे असें मात्र नाहीं. १९८३ च्या बियाणें नियंत्रण आदेशानें विक्रेत्यावर रोख किंवा उधार विक्रीची पावती देण्याचें आणि विक्रीच्या नोंदी ठेवण्याचें बंधन घातलें. बियाणें उगवलें नाहीं तर शेतकऱ्याची तक्रार त्या पावतीवरच उभी राहते. २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शेतकरी हा ग्राहक आहे व त्यास ग्राहक मंचाकडे जातां येतें असा निर्वाळा दिला आहे. आणि चूक कंपनीच्या मालाची असून दोष दुकानदारावर येऊं लागला, तर कोणत्या गटक्रमांकाची पिशवी कोणाकडून आली व कोणास गेली, हें दाखविणारी नोंद दुकानदाराचाच बचाव करते.

वही कागदावरून संगणकावर गेली म्हणून हे प्रश्न मिटले नाहींत. त्यांत एकाची भर पडली. आणि योगायोग असा कीं, त्या प्रश्नाचा देशभर लागू झालेला निर्णय जालन्याच्याच एका वादांतून निघाला. वाद मात्र व्यापाराचा नव्हता, निवडणुकीचा होता. २०१४ च्या विधानसभा निवडणुकींत जालना मतदारसंघांतून अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यावर २९६ मतांनीं विजयी झाले. २७ सप्टेंबर २०१४ या अखेरच्या दिवशीं दुपारीं तीनच्या ठोक्यानंतर उमेदवारी अर्ज दाखल झाला, असा आक्षेप घेऊन निवडणुकीस आव्हान देण्यांत आलें. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरींतील व्हिडिओ चित्रण हा त्यांतील महत्त्वाचा पुरावा होता. पण कायद्यास हवें असलेलें प्रमाणपत्र अर्जदारांनीं मागूनही संबंधित अधिकाऱ्यांनीं दिलें नव्हतें. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें २०१७ सालीं ती निवडणूक रद्द ठरविली आणि प्रकरण दिल्लीस गेलें. १४ जुलै २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, यंत्रांतील मजकुराची प्रत पुराव्यांत द्यावयाची तर प्रमाणपत्र आवश्यकच आहे. मूळ यंत्रच न्यायालयांत आणून त्याचा मालक साक्षीस उभा राहिला तर तें लागत नाहीं. आणि प्रमाणपत्र दुसऱ्याच्या हातीं असून तें मिळविण्याचे सर्व प्रयत्न करूनही मिळालें नाहीं, तर त्या पक्षास दोष लागत नाहीं. इतर पुरावा असल्यामुळें खोतकर यांचें अपील फेटाळलें गेलें.

मोंढ्यांतील अडत्यास या निवडणुकीशीं कर्तव्य नसेल, निर्णयाशीं आहे. संगणकांतून खातें छापून वकिलाच्या हातीं दिलें कीं काम झालें, अशी समजूत पुष्कळांची असते. तो छापील कागद ही प्रत आहे. २०२३ च्या कायद्याच्या ६३ व्या कलमाखालीं आतां ठराविक नमुन्याचें, दोन भागांचें प्रमाणपत्र जोडावें लागतें: एक भाग मजकूर सादर करणाऱ्यानें भरावयाचा, दुसरा तज्ज्ञानें. यंत्र कोणाच्या ताब्यांत होतें व तें नीट चालत होतें कीं नाहीं, हें त्यांत सांगावें लागतें. हिशेब लिहिणारा मुलगा वर्षापूर्वीं काम सोडून गेला, जुना संगणक भंगारांत दिला, नक्कल कोठें ठेवली नाहीं, अशा स्थितींत हें कोण लिहून देणार? पूर्वीच्या काळीं वही वाळवीनें खाल्ली तर निदान वाळवी दिसत तरी असे.

करांच्या बाबतींत कायद्याचा सूर अधिक कडक आहे. वस्तु व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कायद्यानें नोंदलेल्या व्यापाऱ्यावर आवक, जावक, शिल्लक माल व कर यांचे हिशेब धंद्याच्या मुख्य ठिकाणीं ठेवण्याची सक्ति केली. माल हिशेबांत नसेल तर तो विकलाच असें धरून त्यावर कर ठरविण्याचा अधिकार अधिकाऱ्यास मिळाला. त्याच कायद्याच्या नियमांत एक तरतूद अशी आहे कीं ती वाचून जुन्या मुनिमास आनंद व्हावा. नोंद खोडूं नये, पुसूं नये, तिच्यावर गिरवूं नये. साधी लेखनाची चूक सोडून, चुकीची नोंद सही करून छेदावी आणि मग बरोबर नोंद लिहावी. वह्यांस अनुक्रमांक घालावे. संगणकावर हिशेब असेल तर कोणती नोंद बदलली वा काढली याची यादी राखावी. चूक होणें हा गुन्हा नाहीं. चूक झाली होती हें लपविणें संशयास जागा देतें. शाळेंतील मुलाच्या खाडाखोडीस मास्तर रागावतो, ती गोष्ट निराळी. येथें पांढऱ्या शाईचा एक ठिपका अख्ख्या पानावर अविश्वास ओढवून आणूं शकतो.

औद्योगिक वसाहतींतील लहान कारखानदाराची गोष्ट थोडी वेगळी आहे. जालन्याच्या पोलाद गिरण्यांभोंवतीं सुटे भाग करणारीं, यंत्रें दुरुस्त करणारीं लहान कामठाणें पुष्कळ आहेत, आणि त्यांचें दुखणें उधारी देण्याचें नसून मोठ्या गिऱ्हाइकाकडून वेळेवर पैसे न मिळण्याचें आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानें अशा पुरवठादारास आधार दिला: लेखी करारांत कांहींही मुदत असली तरी ती ४५ दिवसांपलीकडे जाऊं शकत नाहीं, आणि पैसे थकले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानें, दरमहा चक्रवाढ व्याज लागतें. पण हे ४५ दिवस मोजावयाचे कोठून? माल स्वीकारल्याच्या दिवसापासून. तो दिवस दाखविणारें चलन, त्यावर गिऱ्हाइकाच्या माणसाची सही व शिक्का, आणि बीजकाची तारीख नसेल तर हक्क कागदावरच राहतो. उद्योगाची नोंदणीही पुरवठा करण्यापूर्वींच करून ठेवावी. भांडण लागल्यावर केलेली नोंदणी मागच्या व्यवहारास उपयोगी पडेल या भरवंशावर राहूं नये.

भागीदारी हा आणखी एक नाजूक विषय. दोन भाऊ किंवा दोन मित्र दुकान काढतात, एक गल्ल्यावर बसतो, दुसरा खरेदीस जातो. १९३२ च्या भागीदारी कायद्यानें भागीदारांनीं एकमेकांस खरा हिशेब द्यावा असें बंधन घातलें आहे आणि प्रत्येक भागीदारास वह्या पाहण्याचा व त्यांची नक्कल घेण्याचा हक्क दिला आहे. दुसऱ्यानें वही मागितली कीं पहिल्यास तो अपमान वाटतो, आणि तेथूनच वेगळें होण्यास सुरुवात होते. वही मागणें हा संशय नसून हक्क आहे, एवढें जरी दोघांनीं आरंभींच मानलें, तरी पुष्कळ घरें फुटण्याचीं वांचतील.

आणि धंदा बुडालाच तर? १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यांत ४२ वें कलम आहे. नादार ठरलेल्या मनुष्यास कर्जांतून पूर्ण मुक्तता न देण्याचीं कारणें त्यांत सांगितलीं आहेत. त्यांपैकीं एक असें कीं, नादारीपूर्वींच्या तीन वर्षांत त्यानें आपल्या धंद्यास साजेशा व आपली स्थिति नीट दाखविणाऱ्या हिशेबाच्या वह्या ठेवल्या नाहींत. दुष्काळानें, मंदीनें किंवा गिऱ्हाइकानें बुडविल्यामुळें जो बुडाला, तो आणि ज्यानें पैसे बाजूस सारून हात वर केले, तो, हे दोघेही बाहेरून सारखेच रिकामे दिसतात. त्यांच्यांतला भेद न्यायाधीशास वह्यांवरूनच करावा लागतो.

राहिला प्रश्न वह्या किती काळ जपाव्या याचा. वस्तु व सेवा कराच्या कायद्यानें त्या वर्षाचें वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या ठराविक तारखेपासून ७२ महिने अशी मुदत घातली आहे, आणि अपील किंवा चौकशी चालू असेल तर तिचा अंतिम निकाल लागल्यानंतर आणखी एक वर्ष, यांपैकीं जी मुदत नंतर संपेल ती. उधारीच्या खात्यावर फेडीच्या सह्या असतील तर शेवटच्या सहीपासून पुढचीं तीन वर्षें तें खातें हातचें सोडूं नये. कागदी वह्या जमिनीपासून उंच, कोरड्या जागीं ठेवाव्या. संगणकावरील हिशेबाची नक्कल दर महिन्यास दुकानाबाहेर दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी, आणि ती कोणी, कोणत्या तारखेस घेतली हें एका साध्या कागदी वहींत लिहून ठेवावें.